गोमांसाची जाहिरात आणि त्रिकोटीची कसोटी

आपल्या नियतकालिकांतून ग्रंथांची समीक्षा होते, नाटकांची होते, क्वचित चित्रपटांचीही होते. जाहिरातीची समीक्षा मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक पाहता आजच्या माणसाच्या मनावर ग्रंथापेक्षा जाहिरातीचा संस्कार अधिक वेळा होत असतो. ग्रंथ वाचावयाचा तर तो हाती घ्यावा लागतो. जाहिरात आपण होऊन घरात शिरते. काय खावे, काय ल्यावे, कशात सुख मानावे हे ती शिकविते आणि शिकविताना आपण काही शिकवीत आहोत याचा मागमूसही लागू देत नाही. ज्या धम्मात चित्ताच्या रक्षणाला आद्यस्थान आहे, त्या धम्माच्या अभ्यासकांनी या वाङ्मयाकडे पाठ फिरवावी हे योग्य नव्हे, असे आम्हास वाटते.

प्रस्तुत लेखात आम्ही अमेरिकेतील गोमांसाच्या जाहिरातींचा, विशेषतः १९९२ साली सुरू झालेल्या आणि आजही चालू असलेल्या एका मोहिमेचा विचार करणार आहोत. 'बीफ. इट्स व्हॉट्स फॉर डिनर.' हे तिचे घोषवाक्य. 'रात्रीच्या जेवणाला काय? बीफ.' असा त्याचा भावार्थ.

विषय निवडताना आम्हास त्यातील अडचणीची जाणीव आहे. आपल्या देशात गोमांस हा शब्द उच्चारताच वातावरण तापते. कोणी त्याचा धिक्कार करतो, तर कोणी त्या धिक्काराच्या रागाने त्याचा गौरव करतो. गोमांसाच्या जाहिरातीवर टीका केली की ती गोरक्षकांच्या पदरात पडेल, आणि टीका टाळली तर भांडवलाच्या प्रचाराला आपण मुकाट संमती दिल्यासारखे होईल. या दोहोंहून वेगळी अशी एक भूमिका बौद्धांना उपलब्ध आहे आणि तिचा आधार थेट तिपिटकात आहे, हे दाखविणे हा या समीक्षेचा हेतू होय.

१. बोलविता धनी

कोणतीही जाहिरात पाहताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा की, ही बोलते कोण? साबणाच्या जाहिरातीमागे साबणाची कंपनी असते. या जाहिरातीमागे मात्र कोणतीही एक कंपनी नाही, कायदा आहे.

१९७६ साली अमेरिकेत गोमांसाचा दरडोई खप शिखरावर होता. वर्षाला सुमारे ९४ पौंड, म्हणजे ४२ किलोंहून अधिक गोमांस सरासरी प्रत्येक माणसामागे विकले जात होते. १९७७ च्या जानेवारीत सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने राष्ट्रासाठी आहारविषयक उद्दिष्टे प्रसिद्ध केली आणि मांस कमी खावे असा सरळ सल्ला दिला. पशुपालकांच्या संघटना खवळल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत हा सल्ला मवाळ झाला; कमी खाण्याऐवजी, संपृक्त चरबी कमी जाईल असे मांस निवडावे, अशा आशयाचे वाक्य तेथे आले. वाक्य बदलले तरी खप सावरला नाही. कोंबडी स्वस्त झाली, हृदयविकाराची धास्ती वाढली आणि १९९० च्या सुमारास हा आकडा ७० पौंडांच्या खाली उतरला.

या घसरणीवर उपाय म्हणून १९८५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसने गोमांसाचा प्रचार व संशोधन यांसाठी एक कायदा संमत केला. त्या कायद्यान्वये जनावर जितक्या वेळा विकले जाईल तितक्या वेळा त्यामागे एक डॉलर वर्गणी भरणे सक्तीचे झाले. यातील निम्मी रक्कम राज्यांच्या गोमांस मंडळांकडे राहू शकते व उरलेली राष्ट्रीय मंडळाकडे जाते. १९८८ साली उत्पादकांचे मतदान घेऊन ही सक्ती कायम करण्यात आली. मंडळाच्या कारभारावर व जाहिरातींवर देखरेख असते ती केंद्रीय कृषिखात्याची.

सक्तीच्या या वर्गणीविरुद्ध काही पशुपालक व बाजारचालक न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, सरसकट 'बीफ खा' अशी जाहिरात आम्हास मान्य नाही; आमच्या मालाचे वेगळेपण तिच्यात बुडून जाते, तेव्हा तिच्यासाठी आमच्याकडून पैसे का घ्यावेत? २००५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिलेल्या निर्णयाचे सार असे की, ही जाहिरात म्हणजे शासनाचे स्वतःचे भाषण होय आणि शासनाच्या भाषणासाठी कर द्यावा लागला म्हणून नागरिकाचे भाषणस्वातंत्र्य भंगत नाही. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी भिन्न मत नोंदविले. जाहिरातीवर श्रेय असते 'अमेरिकेच्या गोमांस उत्पादकां'चे. ती पाहणाऱ्या माणसाला यामागे शासन बोलत आहे असे कसे उमगावे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. निकालाशी सहमत असलेल्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीदेखील या जाहिरातींना शासनाचे भाषण मानण्यास नकार दिला. कारण तेच शासन स्वतःच्या नावाने नागरिकांना जो आहारसल्ला देते, त्याच्याशी या जाहिरातींचा मेळ बसत नाही.

म्हणजे स्थिती अशी झाली : पैसा लहानमोठ्या पशुपालकांचा, आवाज नटाचा, नाव उत्पादकांचे आणि न्यायालयाच्या दृष्टीने वक्ता शासन. एवढे वळसे घेऊन आलेले वाक्य मात्र कोणी घरचाच माणूस बोलला इतके साधे वाटते. या मोहिमेचे पहिले यश हेच होय.

२. घोषवाक्याची घडण

यश म्हणतो ते उपरोधाने नव्हे. जाहिरात म्हणून ही रचना उत्तम आहे हे समीक्षकाने मान्य केलेच पाहिजे.

तिच्या आधीची मोहीम फसली होती. १९८७ च्या सुमारास जेम्स गार्नर आणि सिबिल शेफर्ड या लोकप्रिय कलावंतांच्या तोंडून 'खऱ्या माणसांचे खरे अन्न' असा गोमांसाचा गौरव करण्यात आला. पुढे शेफर्ड यांनी आपण लाल मांस टाळतो असे सांगितल्याचे छापून आले आणि १९८८ साली गार्नर यांच्यावर हृदयाची शस्त्रक्रिया झाली. माणूस साक्षीला उभा केला की त्याचे आयुष्यही साक्ष देऊ लागते, हा धडा जाहिरातदारांनी यातून घेतला असावा. कारण १९९२ च्या मोहिमेत माणूस दिसतच नाही. ऐकू येतो तो केवळ आवाज.

तो आवाज रॉबर्ट मिचम यांचा, घोडेस्वारांच्या चित्रपटांतून अमेरिकन प्रेक्षकांच्या कानांत मुरलेला, खर्जातला आणि निवांत. १९९७ साली मिचम यांचे निधन झाल्यावर त्याच धाटणीचा सॅम एलियट यांचा आवाज आला. पार्श्वसंगीत ॲरन कोपलँड यांच्या 'रोडिओ' या १९४२ च्या नृत्यनाट्यातील. पडद्यावर कढई, वाफ, लिंबू, मिरची आणि ताटात सजविलेले तुकडे. मुद्रित जाहिरातींतून सोप्या पाककृती. कामावरून थकून आलेल्या गृहिणीला आज काय करू हा प्रश्न पडतो. घोषवाक्य त्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवते. ते आग्रह करीत नाही, गुण सांगत नाही, तुलना करीत नाही. जणू गोष्ट आधीच ठरलेली आहे आणि आपण फक्त ती आठवण करून देत आहोत, असा त्याचा सूर आहे. ज्या वाक्यात दावाच नाही त्याचे खंडन करता येत नाही. म्हणूनच येथे मृषावादाचा आरोप टिकणार नाही. या जाहिरातीत शब्दशः असत्य असे काही नाही.

तथापि भाषेकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानी येते. इंग्रजीत गोठ्यातल्या जनावराला एक शब्द आहे आणि ताटातल्या मांसाला दुसरा. 'बीफ' हा शब्द फ्रेंचमधून आला. तो उच्चारताना जनावर डोळ्यांपुढे येत नाही. आपला 'गोमांस' हा शब्द जनावराला सोबत घेऊनच येतो. हे घोषवाक्य मराठीत आणून पाहावे. त्याची मोहिनी तत्क्षणी ओसरते. आपल्या वस्त्यांतून याच अन्नाला 'मोठ्याचे' म्हणतात. तेथेही जनावराचे नाव टळते, परंतु ते भीतीपोटी व अवहेलना चुकविण्यासाठी. एका समाजात नाव टळते ते विक्री वाढावी म्हणून, दुसऱ्यात टळते ते मार चुकावा म्हणून. जाहिरातीच्या समीक्षकाने हा भेद विसरू नये.

३. जे दाखविले नाही

कॅरल ॲडम्स या अमेरिकन लेखिकेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या 'द सेक्शुअल पॉलिटिक्स ऑफ मीट' या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, मांसाच्या भाषेत व चित्रांत मूळ प्राणी अनुपस्थित केला जातो. हे मत आम्हास ग्राह्य वाटते. परंतु ते आणखी पुढे न्यावयास हवे. कारण या जाहिरातीत प्राण्याबरोबर माणूसही अनुपस्थित केला गेला आहे.

प्रथम घोडेस्वार पशुपालकाची प्रतिमा घेऊ. आवाज आणि संगीत मिळून अमेरिकेच्या पश्चिमेकडील गौरवर्णीय घोडेस्वाराचे चित्र उभे करतात. इतिहासात मात्र त्या कुरणांवर राबणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मजुरांची संख्या लक्षणीय होती. ती कुरणे मुळात तेथील आदिवासींची. त्यांचा आधार असलेले गव्यांचे कळप एकोणिसाव्या शतकात मारून संपविण्यात आले आणि त्या भूमीवर गुरे आली. ज्या संगीतातून हे गौरवर्णीय राष्ट्र आपली ओळख सांगते, त्याचे रचनाकार कोपलँड हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वाढलेले, स्थलांतरित ज्यू कुटुंबातले होते, आणि १९५३ साली मॅकार्थी यांच्या समितीपुढे त्यांची चौकशी झाली होती. राष्ट्राची प्रतिमा रंगविताना ज्यांना वगळले, त्यांच्याच श्रमावर व कलेवर ती प्रतिमा उभी आहे. हा अनुभव आपल्या वाचकांना अपरिचित नाही.

आता कत्तलखान्याकडे वळू. ही मोहीम रचणारी लिओ बर्नेट ही जाहिरातसंस्था शिकागोची. त्याच शहरातील कत्तलखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरित कामगारांच्या हालअपेष्टांवर अप्टन सिंक्लेअर यांनी 'द जंगल' ही कादंबरी लिहिली आणि ती १९०६ साली ग्रंथरूपाने आली. देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी मांसाच्या तपासणीचा कायदा झाला. परंतु कामगारांच्या दैन्याने समाज हलला नाही; आपल्या ताटात घाण येते या विचाराने हलला. आपला नेम लोकांच्या हृदयावर होता, घाव मात्र पोटावर बसला, अशी खंत सिंक्लेअर यांनी पुढे व्यक्त केली.

यानंतर शतकभराने, २०२० साली, करोनाच्या साथीत मांसप्रक्रिया कारखान्यांतून रोग झपाट्याने पसरला. २६ एप्रिल २०२० रोजी टायसन या बलाढ्य मांस कंपनीने मोठ्या दैनिकांत पूर्ण पानाची जाहिरात दिली आणि अन्नपुरवठ्याची साखळी तुटत आहे असा इशारा दिला. दोनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी संरक्षण उत्पादन कायद्याचा आधार घेऊन हे कारखाने चालू राहावेत असा आदेश काढला. २०२१ च्या ऑक्टोबरात काँग्रेसच्या चौकशी उपसमितीने जाहीर केले की, पाच मोठ्या मांस कंपन्यांच्या किमान ५९ हजार कामगारांना साथीच्या पहिल्या वर्षात लागण झाली आणि २६९ कामगार मृत्यू पावले. या कारखान्यांत गोमांसाबरोबर डुकराचे व कोंबडीचे मांस करणारेही होते. त्यांतील कामगारांत स्थलांतरितांचे, निर्वासितांचे व कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे आहे. रात्रीच्या जेवणाला काय, या प्रश्नाचे उत्तर अखंड मिळत राहावे म्हणून कोणी काय किंमत मोजली, ते या आकड्यांतून दिसते. जाहिरातीत वाफ दिसते ती कढईची; कारखान्यातली सुरी धरणारा हात दिसत नाही.

२०१७ साली मोहिमेला पंचवीस वर्षे झाली तेव्हा तिला नवे रूप देण्यात आले आणि पशुपालकांची कुटुंबे व त्यांची कुरणे चित्रांतून पुढे आली. हे पाऊल पूर्वीपेक्षा प्रामाणिक आहे हे आम्ही मान्य करतो. तरी चित्रमालिका कुरणावरून थेट स्वयंपाकघरात येते. मधला टप्पा, जेथे प्राणी मरतो आणि कामगार झिजतो, तो वगळलेलाच राहतो.

ज्यांनी दुसरी बाजू मांडली त्यांचे काय झाले? १९९६ च्या एप्रिलमध्ये ओप्रा विनफ्रे यांनी गुरांच्या मेंदूरोगाविषयी दूरचित्रवाणीवर कार्यक्रम केला. टेक्सासमधील पशुपालकांनी, खाद्यपदार्थांची बदनामी रोखणाऱ्या तेथील कायद्याचा आधार घेऊन, त्यांच्यावर दावा लावला. १९९८ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने विनफ्रे यांच्या बाजूने कौल दिला. परंतु त्यांच्याजवळ वकिलांचे बळ होते. गोमांसाच्या बाजूने बोलण्यासाठी कायद्याने गोळा केलेला निधी, आणि विरुद्ध बोलावयाचे तर न्यायालयाची पायरी. या असमतोलात सामान्य माणूस गप्प राहणेच पसंत करतो.

४. त्रिकोटीची कसोटी

आता या मोहिमेकडे धम्माच्या दृष्टीने पाहू.

मज्झिमनिकायातील जीवकसुत्तात वैद्य जीवक भगवान बुद्धांना मांसाविषयी विचारतो. भगवंतांनी जो नियम सांगितला तो त्रिकोटी-परिशुद्धीचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे : जे मांस आपल्यासाठी मारल्याचे भिक्खूने पाहिले नाही, ऐकले नाही आणि ज्याविषयी त्याला तशी शंका नाही, ते त्याने भिक्षेत स्वीकारावे. अदृष्ट, अश्रुत, अपरिशंकित या त्या तीन कोटी होत. देवदत्ताने भिक्खूंवर मत्स्यमांसत्याग सक्तीचा करावा अशी मागणी केली तेव्हा भगवंतांनी ती मान्य केली नाही. सुत्तनिपातातील आमगंधसुत्त तर स्पष्टच सांगते की, दुर्गंध मांसभोजनाला नसतो, दुराचरणाला असतो. तेव्हा मांस खाल्ल्याने मनुष्य अपवित्र होतो हा विचार धम्माचा नव्हे.

परंतु त्रिकोटीचा नियम कोणासाठी होता हे विसरून चालणार नाही. तो मागून खाणाऱ्यासाठी होता. भिक्खू काही मागवीत नाही, निवडीत नाही, विकत घेत नाही. पात्रात पडेल ते घेतो. त्याचे अज्ञान हे त्याच्या त्यागाचा भाग आहे. जाहिरात हीच तीन कोटींची निष्पापता ग्राहकाला देऊ करते आणि त्याच्याकडून त्याग मात्र मागत नाही. तुम्ही पाहू नका, आम्ही झाकले आहे. तुम्ही ऐकू नका, आम्ही संगीत लावले आहे. तुम्ही शंका घेऊ नका, आमचा आवाज ओळखीचा आहे. आणि हे सारे कोणासाठी, तर ज्याच्यासाठी मांस खरोखरच तयार केले गेले आहे त्या माणसासाठी. भिक्खूला 'हे माझ्यासाठी मारले काय' असे विचारावे लागे. ग्राहकाच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर मांसावरच्या वेष्टनावर छापलेले असते.

याच सुत्तात पुढे, तथागतांसाठी वा त्यांच्या श्रावकांसाठी प्राणी मारणारा पाच प्रकारे अकुशल संचय करतो असे म्हटले आहे. त्यांतील पहिला प्रकार मनन करण्याजोगा आहे. तो सुरी चालविण्याचा नाही. 'त्या प्राण्याला घेऊन या' अशी आज्ञा देण्याचा आहे. प्राण्याला ओढून नेताना त्याला होणाऱ्या वेदनेचाही तेथे स्वतंत्र उल्लेख आहे. कृतीचा आरंभ शब्दात होतो, मागणीत होतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले गेले होते. आधुनिक बाजारात ही आज्ञा कोणी एक माणूस देत नाही. कोट्यवधी माणसांच्या मनात ती पेरली जाते. ती पेरण्याचा उद्योग म्हणजेच जाहिरात.

अंगुत्तरनिकायात उपासकाने टाळावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. या उपदेशाचा आधार घेऊन काही जण खाटकाला व चर्मकाराला दोषी ठरवितात. आम्हास हा अर्थ मान्य नाही. सुत्तातील शब्द 'वणिज्जा' आहे, म्हणजे नफ्यासाठी केलेला व्यापार. जातीने वा दारिद्र्याने ज्याच्या हाती सुरी दिली, तो व्यापारी नव्हे. तो त्या व्यापाराने वापरलेला माणूस आहे. उलट, ज्याने जनावराला कधी स्पर्श केला नाही, ज्याच्या कपड्यावर रक्ताचा थेंब उडाला नाही, परंतु जो मांसाची इच्छा निर्माण करून तिच्यावर जगतो, त्याला हा उपदेश अधिक नेमका लागू पडतो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना हत्येची इच्छा आणि हत्येची आवश्यकता यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे प्रतिपादिले आहे. या भेदाच्या प्रकाशात १९९२ च्या मोहिमेकडे पाहावे. ज्या राष्ट्रात लोक आपण होऊन गोमांस कमी करू लागले होते, तेथे आवश्यकता घटत होती हे उघड आहे. घटत चाललेल्या आवश्यकतेच्या जागी इच्छा आणून बसविणे हे जाहिरातीचे कार्य ठरले. तृष्णा उपजत असते असे आपण समजतो. येथे ती जनावरामागे एक डॉलर या दराने तयार केली जाते.

५. दुसरी जाहिरात

येथवर वाचून एखादा गोरक्षक सुखावला असेल तर त्याने पुढचेही वाचावे. कारण आपल्या देशात गोमांसाविरुद्धची मोहीम हीदेखील जाहिरातच आहे आणि तीही त्रिकोटीच्या कसोटीस उतरत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गोरक्षण चळवळीने छापील चित्रांचा मोठा वापर केला. अंगभर चौऱ्यांशी देव असलेल्या गाईचे चित्र रविवर्मा छापखान्यानेही काढले होते. त्या प्रकारच्या चित्रात गाईपुढे तलवार उगारलेली राक्षसमुखी आकृती असते. अमेरिकेच्या चित्रात जनावर अदृश्य आहे. या चित्रात जनावर देवांनी इतके भरून गेले आहे की, जनावर म्हणून तेही दिसेनासे झाले आहे. आणि मेलेले जनावर ओढणारा, सोलणारा, ते खाऊन जगणारा माणूस? तो एकतर चित्राबाहेर आहे, किंवा राक्षसाच्या जागी आहे. २०१५ साली दादरीजवळ घरात गोमांस असल्याच्या संशयावरून एका मुस्लिम गृहस्थाची हत्या झाली. २०१६ साली गुजरातेत उना येथे मृत गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना भररस्त्यात फटके मारण्यात आले. हे त्या चित्राचे परिणाम होत.

शासनाचे वर्तनही पाहण्यासारखे आहे. ज्या डिसेंबरात अमेरिकेने गोमांस-प्रचाराचा कायदा केला, त्याच १९८५ च्या डिसेंबरात आपल्या संसदेने शेतमाल निर्यातीच्या वाढीसाठी 'अपेडा' या प्राधिकरणाचा कायदा संमत केला. त्याच्या यादीत मांस व मांसजन्य पदार्थ आहेत. गाईच्या मांसाच्या निर्यातीस बंदी आहे. म्हशीचे मांस मात्र परदेशी जाते आणि जगाच्या व्यापारात त्याची गणना गोमांसातच होत असल्याने भारत मोठ्या निर्यातदारांत मोडतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. याच देशात १९९६ साली एका अमेरिकन खाद्यकंपनीने, जी स्वदेशी गोमांसाच्या वड्यांवर मोठी झाली, आमच्याकडे गोमांस मिळत नाही हीच आपली जाहिरात केली. एका बाजारात जे अभिमानाने विकले जाते, त्याचा अभाव दुसऱ्या बाजारात अभिमानाने विकला जातो. व्यापाराला पवित्रही नसते आणि अपवित्रही नसते.

बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यतेच्या मुळासंबंधीच्या ग्रंथात गोमांसाचा प्रश्न इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला. एके काळी गोमांस खाणाऱ्या ब्राह्मणांनी बौद्ध धम्माशी स्पर्धा करताना ते सोडले आणि जे मृत गाईचे मांस खात राहिले त्यांना अस्पृश्य ठरविले, असा त्यांचा सिद्धान्त आहे. त्याच बाबासाहेबांनी १९२७ साली महाड येथे आपल्या बांधवांना मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. या दोन गोष्टींत विसंगती नाही. दोन्हीकडे त्यांनी अन्नाचे मोजमाप शुद्धाशुद्धतेने केले नाही. माणसाच्या मानाने केले. श्री. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची जी नोंद केली, ती याच कारणासाठी मोलाची आहे. त्या अन्नाची कधी कोणी जाहिरात केली नाही. ते भुकेने शिजविले आणि अवहेलनेसह खाल्ले. त्यात जनावर कोठून आले, कोणी ओढले, कोणी कापले, वाटा कसा पडला हे सर्व खाणाऱ्याला ठाऊक होते. चान्या वाळत घालणाऱ्या आईपासून काहीही झाकलेले नव्हते.

म्हणूनच आमची टीका गोमांस खाणाऱ्यावर नाही. ज्याला ते परवडणारे पोषण म्हणून हवे आहे त्याच्या ताटात डोकावण्याचा अधिकार ना शासनाला आहे ना जमावाला. आमची टीका झाकण्याच्या कलेवर आहे. मग ती कला संगीताने झाको वा देवांच्या चित्राने.

यास्तव सुज्ञ वाचकांना आमची विनंती इतकीच की, अन्नाची कोणतीही जाहिरात समोर आली, ती गोमांसाची असो, दुधाची असो वा शाकाहाराची असो, तर तिला तीन प्रश्न विचारावेत. हिने मला काय पाहू दिले नाही? काय ऐकू दिले नाही? आणि कोणती शंका माझ्या मनात उठू दिली नाही? भिक्खूसाठी सांगितलेली त्रिकोटी ही स्वीकाराची कसोटी होती. उपासकाने, जो विकत घेतो आणि ज्याच्या मागणीवर बाजार चालतो, तिला चौकशीची कसोटी करावी. या चौकशीनंतर कोणी काय खावे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न राहील. परंतु तो विवेक त्याचा स्वतःचा असेल, डॉलरने घडविलेला वा दहशतीने लादलेला नसेल.